बिशपचा अर्ज आणि माझी सहावी

माझी सहावी एका स्कॉटलंडच्या बिशपमुळं निघाली. हे सांगितलं की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघतात आणि मग चहाचं विचारतात. विचारू देत. केस पांढरे झालेत, डोकं जागेवर आहे. तो बिशप मरून शेकडो वर्षं झाली होती, त्यानं लातूर कधी बघितलं नव्हतं, आणि बघितलं असतं तर गंजातल्या, म्हणजे अडत बाजारातल्या, मिरचीच्या खाटानं शिंकतच परत गेला असता. तरी सहावी निघाली ती त्याच्यापायीच.

निजामी अमदानीतली गोष्ट आहे. लातुरात मुलांना सरकारी शाळा होती, उर्दूतून. मुलींना मराठी पाचवीच्या पुढं काही नव्हतं. आमची शाळा खासगी, गावातल्या पंचांनी काढलेली, मारुतीच्या देवळामागच्या गोदामात भरणारी. त्या गोदामात आधी सरकीची पोती असायची, मग आम्ही बसायला लागलो. पावसाळ्यात पोती परत यायची आणि आम्हाला देवळाच्या ओवरीत पाठवायचे, कारण पोती भिजली तर नुकसान होतं. पाचवीच्या पुढचा वर्ग काढायचा तर हैदराबादेहून मंजुरी लागायची. शिक्षण खात्याला तेव्हा तालीमात म्हणत. तालीमातच्या मंजुरीशिवाय वर्ग भरवला तर शाळेला कुलूप.

आणि मी पाचवीत होते. आमचे आप्पा गंजात अडत्याचं काम करायचे. बोलणं कमी, पण शब्द दिला की दिला. माझ्या बाबतीत त्यांनी एक शब्द मला दिला होता आणि एक देगलूरच्या मंडळींना. मला सांगितलं होतं, सहावी निघाली तर बस. देगलूरकरांना सांगितलं होतं, न्हाई निघाली तर दिवाळीनंतर लग्न. देगलूरचं घर जमीनजुमल्याचं, चांगलं होतं. मुलगा तेलुगू, कानडी, मराठी तिन्ही बोलतो असं त्याचे मामा सांगायचे. आमच्या घरात माझी विधवा आत्या राहायची, ती त्याला बघून आली होती. ती म्हणाली, "तिन्हीतून 'बरं' म्हणतंय."

मला त्या मुलाचा राग नव्हता. मला सहावी पाहिजे होती. शिकलं नाही की काय होतं ते मी आत्याकडं बघून रोज शिकत होते. ती हुशार बाई, घरात सगळ्यांत हुशार, आणि दुपारभर उंबऱ्यात बसून रस्त्यानं कोण गेलं तेवढंच मोजायची. मला त्या उंबऱ्याची भीती वाटायची.

आता हेडमास्तर. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. लोह्याकडचे, नांदेडला शिकलेले, मग हैदराबादेत काही दिवस काढलेले. एकटा जीव, गोदामाला लागून असलेल्या खोलीत राहायचे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि आवाज असा की वर्गात बोलले तरी पुजारी घंटा वाजवायचा थांबायचा. त्यांच्याकडं सिकंदराबादच्या फुटपाथवर घेतलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, स्कॉटलंडच्या इतिहासाचं. त्याची शेवटची बरीच पानं वाळवीनं खाल्लेली होती. शाळेला सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून गुरुवारी अर्धी शाळा, आणि गुरुवारचा शेवटचा तास बिशपचा. अभ्यासक्रमात बिशप नव्हता. अभ्यासक्रमात लातूरही नव्हतं, असं गुरुजी म्हणायचे.

बिशप म्हणजे काय हे आम्हाला समजावं म्हणून ते मठाधिपती म्हणायचे. आमच्याकडं मठ गावोगाव, त्यामुळं आम्हाला काहीच अवघड गेलं नाही. तिकडच्या लई थंड मुलखातला एक स्वामी होता, राजाचा कारभारीपण होता, आणि त्याच्या गावाकडं उत्तरेला मोठी शाळा एकही नव्हती. पण शाळा काढायची तर त्यांच्या जगद्गुरूची मंजुरी लागायची, आणि जगद्गुरू बसायचा रोमला. मी हे घरी आत्याला सांगितलं. तिनं विचारलं, "त्याचं लगीन झालेलं हाय का?"

"न्हाई."

"मग लोकाच्या लेकरांच्या शाळेची त्याला काय पडलीय?"

हा प्रश्न मी गुरुजींना विचारला नाही. त्यांचंही झालेलं नव्हतं.

त्या स्वामीनं रोमला जो अर्ज केला, तो आम्हाला पाठ झाला होता. आमच्या बाजूला डोंगर आहेत, मधे समुद्राचे फाटे घुसलेत, त्यामुळं तिकडची माणसं बाकी जगापासून तुटलेली आहेत, अडाणी आहेत, उजड्ड आहेत, जवळजवळ रानटीच म्हणा, तेव्हा कृपा करून शाळेला मंजुरी द्यावी, असा त्याचा मतलब. मंजुरी मिळाली. ती शाळा अजून चालू आहे, असं सांगून गुरुजी पुस्तक मिटायचे.

गुरुजींनी स्वतः तोवर सहावीसाठी दोन अर्ज केले होते. दोन्हीत त्यांनी लिहिलं होतं की लातूरचे लोक विद्येचे भोक्ते, सुसंस्कृत आणि समजदार आहेत. दोन्ही अर्ज परत आले. लोक एवढे समजदार असतील तर त्यांची सोय आधीच झालेली दिसते, असं उत्तर आलं. एका गुरुवारी गुरुजी बिशपच्या अर्जापाशी आले, पुस्तकात बोट घालून थांबले आणि बराच वेळ खिडकीतून मारुतीच्या कळसाकडं बघत बसले. तेव्हा आम्हाला वाटलं त्यांना बरं वाटत नाही.

शनिवारी कचेरी उघडल्यावर ते कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडं गेले. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देणारा माणूस. कचेरीसमोरच्या लिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून बसायचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि तोंड चाळणीसारखं. त्यानं लिहिलं की लातूरचे लोक मांजरेच्या पाण्यानं आणि बालाघाटच्या डोंगरानं बाकी जगापासून तुटलेले आहेत, जाहिल आहेत, उजड्ड आहेत आणि नीमवहशी आहेत. नीमवहशी म्हणजे अर्धे रानटी. मांजरेत त्या दिवसांत म्हैस उभी राहिली तर पोट भिजत नव्हतं, पण अर्ज चांगला झाला. अर्ज हैदराबादला गेला, आणि अर्जनवीस हाटेलात गेला. आपलं उर्दू किती वजनदार आहे हे दाखवायला तो आपले चांगले अर्ज हाटेलात म्हणून दाखवायचा.

संध्याकाळपर्यंत गावात दुसरा विषय उरला नाही. आणि लोक चिडले ते कशावर, तर 'नीम'वर. अर्धे म्हणजे कोणते अर्धे? गंजातल्या लोकांना वाटलं की गावठाणातले. गावठाणातल्यांना खात्री होती की गंजातले. पंचांचे अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांनी कोशात शब्द पुन्हा बघितला आणि तो होता तसाच निघाला. वैद्यबुवा दुसरे पंच, ते म्हणाले, आमच्या घराण्यात सात पिढ्या संस्कृत आहे, आम्हाला अर्धं म्हणवून घ्यायची सवय न्हाई. तिसरे पंच आमचे आप्पा.

आप्पा जेवायला बसले. मी वाढत होते.

"तुझ्या हेडमास्तरनं मला रानटी म्हटलंय," ते म्हणाले.

"बिशपनंबी म्हटलं होतं."

"कुणाला?"

"त्याच्या माणसांना."

"ते असतील," आप्पा म्हणाले आणि ताक मागितलं.

पंचांनी ठरवलं की हैदराबादला तक्रार करायची, आणि चौकशीला तालीमातचे साहेब आलेच तर लातूर काय चीज आहे ते त्यांना दाखवायचं. तक्रार लिहायला माणूस कुठून आणणार? त्याच अर्जनवीसानं लिहिली, त्याच पेटीवर, त्याच शाईनं. आप्पांनी सही केली. मी विचारलं, "मग माझी सहावी?"

"सहावी वेगळी. इज्जत वेगळी."

त्या दिवशी भाकरी मी जरा जोरातच थापल्या. आत्या म्हणाली, परातीचा काय गुन्हा. मला कुणाचा तरी कान धरावासा वाटत होता आणि कुणाचा ते कळत नव्हतं. गुरुजींनी जे लिहिलं ते माझ्यासाठी लिहिलं होतं, आणि आप्पांनी ज्या तक्रारीवर सही केली ती माझ्याविरुद्ध पडत होती, आणि दोघंही माझं भलं चिंतणारेच.

साहेब खरंच आले. लातूर रोड स्टेशनला रेल्वेतून उतरून मोटारीनं. उतारवयाचे, शेरवानीतले, डोक्यावर रुमी टोपी, पोटाच्या तक्रारीनं गांजलेले दिसत होते. हातात एक चांदीची डबी आणि मधूनमधून तिच्यातला ओवा तोंडात. गोदाम झाडून सडा घातला होता. खुर्च्या वकीलसाहेबांकडच्या. गुरुजी भिंतीला टेकून हात बांधून उभे होते. त्यांना कुणी बस म्हटलं नाही.

पहिला हार अध्यक्ष या नात्यानं वकीलसाहेबांनी घालायचा होता. पण गंजातल्या एका म्हाताऱ्या शेटजींनी त्याहून मोठा हार आणला होता, आणि मोठा हार मागं राहावा हे त्यांना पटेना. दोघं एकदमच पुढं गेले. एक हार मानेत पडला, एक कानात अडकला, आणि साहेबांची टोपी खाली पडली. ती वैद्यबुवांनी उचलली. उचलली ती दिली नाही, कारण आता सगळ्यांचं लक्ष आपल्याकडं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. टोपी हातात धरूनच त्यांनी संस्कृत आशीर्वचन सुरू केलं, आणि आशीर्वचन लांब होतं.

मग वकीलसाहेबांचं उर्दू मानपत्र. ते वाचत होते आणि मागून अर्जनवीस त्यांचे उच्चार दुरुस्त करत होता. वकीलसाहेब प्रत्येक वेळी थांबायचे, त्याच्याकडं बघायचे आणि तोच शब्द पुन्हा चुकीचा, पण मोठ्यानं म्हणायचे. बाहेर भजनी मंडळ बसवलेलं होतं. हात हलवला की सुरू करा, असं त्यांना सांगून ठेवलेलं. कुणीतरी माशी हाकलली. सुरू झालेला अभंग अर्ध्यात सोडत नाहीत, तो संपला की दुसरा आपोआप येतो. तोवर गंजातल्या मंडळींनी साहेबांच्या बाह्यांना अत्तर लावलं, प्रत्येकानं आपापलं. साहेब शिंकायला लागले. शिंकल्यावर आशीर्वचन पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं, असं वैद्यबुवांचं मत पडलं.

मी पहिल्या रांगेत बसून हे सगळं बघत होते आणि मला रडू येत होतं. साहेब परत जाऊन काय लिहिणार ते मला दिसत होतं. लोक सुसंस्कृत, सोय झालेली, सहावीची गरज नाही. आणि मग देगलूर.

शेवटी साहेबांनी हात वर केला. म्हणाले, "किसी बच्ची से कुछ पूछ लूँ?" आप्पांनी मला पुढं ढकललं.

"क्या पढ़ती हो?"

गणित म्हणायचं, भूगोल म्हणायचं, असं आम्हाला सांगून ठेवलं होतं. माझ्या तोंडून बिशप निघाला. आमच्या धेडगुजरी दख्खनीत मी सगळं सांगितलं. थंड मुलूख, स्वामी, रोमचे जगद्गुरू, डोंगर, समुद्राचे फाटे, आणि आमची माणसं जवळजवळ रानटी आहेत तेव्हा शाळा द्या, असा त्यानं केलेला अर्ज. साहेबांनी डबी मिटली. गुरुजींकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उसके लोग नाराज नहीं हुए?"

"उनको मालूमच नहीं पड़ा साहेब. लॅटिन में लिखा था. वहाँ लॅटिन किसी को नहीं आती थी."

"और यहाँ?"

"यहाँ उर्दू सबको आती है."

 साहेबांनी गोदामावरून नजर फिरवली. वकीलसाहेब आणि शेटजी अजून हारावरून दबक्या आवाजात भांडत होते. टोपी अजून वैद्यबुवांकडंच होती. बाहेर पुढचा अभंग लागला होता. साहेब जरा वाकले आणि गुरुजींना हळूच म्हणाले, "मास्टर साहब, अर्जी में आपने कुछ कम ही लिखा है." मी मधे उभी होते म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला भजनामुळं ऐकू आलं नाही. गुरुजींनी मान खाली घातली.

साहेब लई खूश होऊन गेले, असं गावाचं मत पडलं. टोपी त्यांना मोटारीत नेऊन द्यावी लागली.

दिवाळीच्या आधी हुकूम आला. दोन्ही अर्ज मंजूर. सहावी मंजूर, कारण समक्ष पाहणीत लोक अर्जात लिहिल्याप्रमाणेच आढळले. तक्रारही मंजूर, कारण रयतेबद्दल असं लिहिणं ही बेअदबी, सबब हेडमास्तरास कमी करावं. वकीलसाहेबांनी पंचांना हुकूम वाचून दाखवला. पहिला भाग जरा पुटपुटत, दुसरा खणखणीत.

मी आनंदानं नाचायला पाहिजे होतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. गुरुजी ज्या मोटारीनं नांदेडकडं जाणार होते तिथं मी गेले. आत्यानं दशम्या बांधून दिल्या होत्या, लोकाच्या लेकरांच्या शाळेची पडलेली होती त्या माणसाला. गुरुजींच्या मांडीवर ते जाड पुस्तक होतं.

"गुरुजी, बिशपचं शेवटी काय झालं?"

"ती पानं वाळवीनं खाल्ली."

"मग शाळा चालू आहे ते कसं कळलं?"

"ते पहिल्याच पानावर लिहिलंय," ते म्हणाले. "शाळेचं आधी लिहितात." आणि मला म्हणाले, सहावीत पहिल्या रांगेत बसायचं, मागं बसलं की ऐकू येत नाही.

मी पहिल्या रांगेत बसले. ऐकू येण्यासारखं काही नव्हतं, कारण मास्तर नव्हता. वर्ग मंजूर, मास्तर कमी. लातूरला खासगी शाळेत, तेही पोत्यांच्या गोदामात, यायला कुणी तयार होईना. नांदेडचा एक जण आला, गोदाम बघितलं, पाणी प्यायला आणि परत गेला. आम्ही आपल्या आपण पाढे म्हणायचो आणि मधेच एकमेकींच्या वेण्या घालायचो.

देगलूरचे मामा आले. आप्पांपुढं बसून शांतपणे म्हणाले, "सहावी निघाली म्हणता, पण भरून राहिली का?"  एवढ्या वर्षांत गंजात आप्पांच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मामा म्हणाले, संक्रांतीपर्यंत बघतो. ते गेल्यावर आप्पा ओसरीवर बसून राहिले. आत्या उंबऱ्यात बसली होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा तिच्याकडं. ते काय बघत होते ते मला कळलं, आणि मला त्यांची दया आली.

गुरुजींना परत आणायचं तर एकच वाट होती. तक्रार मागं घ्यायची. आणि तक्रार मागं घ्यायची म्हणजे गुरुजींनी लिहिलेलं खरं आहे असं गावानं लिहून द्यायचं. तसा अर्ज शेवटी गेला. त्या अर्जावर गुरुजी संक्रांतीच्या आत परत आले, पुस्तकासकट, आणि देगलूरच्या मुलाला निलंग्याची मुलगी मिळाली, ती सुखात राहिली असं ऐकलं. मी सहावी केली, सातवी केली, पुढं जन्मभर शिकवलंच. पण मला आठवते ती तो अर्ज लिहिला ती दुपार.

आप्पांच्या अडतीत पंच जमले होते. अर्जनवीस पेटी घेऊन आला होता. सगळ्यांना अर्ज पाहिजे होता, पण खाली पहिली सही कुणाला नको होती. वकीलसाहेब म्हणाले, अध्यक्षानं शेवटी करायची असते. वैद्यबुवा म्हणाले, आपण वकीलसाहेबांच्याही नंतर करू, तो मान त्यांचा नाही. म्हाताऱ्या शेटजींनी आपला चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. पहिला हार घालायला धावलेले तेच हे हात.

आप्पांना उर्दू वाचता येत नव्हतं. सही तेवढी मोडीत करायचे. आम्हाला शाळेत उर्दू सक्तीचं होतं, म्हणून त्यांनी मला घरून बोलावून घेतलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"वाच."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. आम्ही खाली सह्या करणारे, लातूरचे राहणारे, कबूल करतो की हेडमास्तरांनी आमच्याबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. आम्ही अडाणी आहोत, उजड्ड आहोत. मी तिथं थांबले. आपल्या बापाला तोंडावर असं वाचून दाखवायची माझी जीभ होईना.

"पुढं वाच."

"नीमवहशी आहोत. तक्रार मागं घेतो, हेडमास्तरांना परत द्यावं. झालं आप्पा, खाली सह्या."

"नीम म्हणजे अर्धं ना?"

"हाव."

आप्पांनी लेखणी शाईत बुडवली. वकीलसाहेब छताकडं बघत होते.

"नीम खोडायला सांग," आप्पा म्हणाले. "अर्धं कशाला लिहायचं. पुरं लिही म्हणावं."

अर्जनवीसानं 'नीम' खोडला. पहिली सही आप्पांनी केली.